टाइप आणि पॉइंटर यांची रूपांतरे सुरक्षितपणे करण्याची पद्धत

कंपायलरने एखाद्या ओळीवर हरकत घेतली की ती मिटवण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे कास्ट, म्हणजेच मूल्याचा टाइप बदलण्याची उघड सूचना. सी भाषेत कंसात टाइपचे नाव लिहिले किंवा रस्टमध्ये ‘ॲज’ हा शब्द जोडला की तक्रार थांबते. मात्र तक्रार थांबली म्हणजे तिचे कारणही नाहीसे झाले असे नसते. कर्नेल, ड्रायव्हर, एम्बेडेड उपकरणे आणि नेटवर्क प्रोटोकॉल यांच्या कामात रूपांतराशिवाय पाऊल पुढे पडत नाही. आलेल्या बाइटांची संख्या करावी लागते, हार्डवेअरच्या रजिस्टरचा पत्ता पॉइंटरमध्ये (मेमरीतील पत्ता धरणाऱ्या मूल्यात) बसवावा लागतो, कॉलबॅकला (नंतर बोलावण्यासाठी नोंदवलेल्या फंक्शनला) मिळालेल्या अनामिक पॉइंटरमधून आपले स्ट्रक्चर परत मिळवावे लागते. त्यामुळे ‘कास्ट करूच नका’ हा सल्ला येथे कोणाच्याही उपयोगाचा नाही. उपयोगाचा नियम असा आहे: जेवढा बदल हवा आहे तेवढाच करू शकणारे, आणि त्याहून अधिक काही करायची वेळ आली तर बांधणीच्या वेळीच (कोड कंपाइल होतानाच) अडून बसणारे साधन प्रत्येक रूपांतरासाठी निवडावे.

अडून बसण्यावर एवढा भर देण्याचे कारण कोडच्या आयुष्यात आहे. कास्ट लिहिली त्या दिवशी ती बहुधा बरोबरच असते. पुढे कोणीतरी दुसऱ्या फाइलमध्ये एका फील्डचा टाइप १६ बिटांवरून ३२ बिटांवर नेतो, किंवा पॉइंटर असलेल्या जागी पूर्णांक ठेवतो, आणि सर्वशक्तिमान कास्ट तो बदलही निमूटपणे पचवून टाकते. मर्यादित साधन वापरले असते तर कंपायलरने त्याच ओळीवर बोट ठेवले असते.

नेमके काय बदलायचे आहे, हे आधी ठरवावे

रूपांतर या एका नावाखाली बरीच वेगवेगळी कामे येतात. लहान पूर्णांक मोठ्या टाइपमध्ये नेणे, मोठा पूर्णांक लहान टाइपमध्ये बसवणे, साइन्ड (ऋण संख्याही धरणारे) आणि अनसाइन्ड (ऋण संख्या न धरणारे) टाइप यांत अदलाबदल करणे, बिट तसेच ठेवून त्यांचा अर्थ बदलणे, पॉइंटर ज्याकडे निर्देश करतो तो टाइप बदलणे, ‘कॉन्स्ट’ (मूल्य बदलू नये ही खूण) काढणे किंवा लावणे, आणि पत्त्याचा पूर्णांक करणे किंवा पूर्णांकाचा पत्ता करणे. सी मधील कंसातली कास्ट ही सारी कामे एकाच चिन्हाने करते, म्हणून वाचणाऱ्याला लेखकाचा हेतू त्या चिन्हावरून कळत नाही. सी++ ने याच कारणासाठी स्टॅटिक-कास्ट, कॉन्स्ट-कास्ट, रीइंटरप्रिट-कास्ट आणि डायनॅमिक-कास्ट असे चार भाग केले. सी++ लिहिताना जुनी कंसाची कास्ट अजिबात वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रस्ट ही सुरक्षित भाषा म्हणून ओळखली जात असली तरी तिच्यातील ‘ॲज’ हा सी च्या कास्टइतकाच व्यापक आहे. तो संख्या कापतो, चिन्ह बदलतो, पॉइंटरचा टाइप बदलतो, पॉइंटरला पूर्णांक करतो, आणि फंक्शनलाही पूर्णांक करतो. यू१६ या १६ बिटांच्या अनसाइन्ड टाइपच्या कमाल मूल्याचा स्थिरांक मोठ्या अक्षरांत लिहितात आणि त्याच नावाचे लहान अक्षरांतील एक फंक्शनही अस्तित्वात आहे. चुकून लहान अक्षरे लिहून पुढे ‘ॲज यूसाइझ’ (यूसाइझ म्हणजे पॉइंटरइतक्या रुंदीचा अनसाइन्ड पूर्णांक) जोडले तर ६५,५३५ ऐवजी त्या फंक्शनचा मेमरीतील पत्ता हाती येतो, आणि भाषेच्या नियमांना त्यात काहीही वावगे वाटत नाही. रस्टच्या क्लिपी या तपासनीसात अशा कास्टसाठी स्वतंत्र इशारा आहे.

लहानातून मोठ्यात

हे सर्वांत निर्धोक रूपांतर आहे, तरीही रस्टमध्ये ते ‘ॲज’ने न करता ‘फ्रॉम’ किंवा ‘इंटू’ने करावे. यू१६ मधून यू३२ मध्ये जाताना दोन्हींचे उत्तर सारखेच येते. पुढे मूळ फील्ड यू६४ झाले की फरक पडतो: ‘फ्रॉम’ असलेली ओळ बांधली जात नाही, तर ‘ॲज’ वरचे ३२ बिट टाकून देऊन पुढे जातो. यू३२ मधून यूसाइझमध्ये नेणारे ‘फ्रॉम’ मानक लायब्ररीत नाही, कारण ज्यांचे पॉइंटर १६ बिटांचे असतात अशा यंत्रांसाठीही रस्टचा कोड बांधता येतो. आपला प्रोग्राम ६४ बिटांच्या यंत्रांसाठीच असेल तर हे रूपांतर करणारे एक छोटे फंक्शन लिहावे, त्यात यूसाइझची रुंदी बांधणीच्या वेळीच तपासावी आणि त्या एका जागेखेरीज इतरत्र तो ‘ॲज’ येऊ देऊ नये.

सी मध्ये मोठ्या टाइपकडे जाणारे रूपांतर आपोआप होते आणि तेथे दोन खाचखळगे आहेत. पहिला ‘कॅर’ या टाइपचा. तो साइन्ड की अनसाइन्ड, हे मानकाने ठरवलेले नाही. एक्स८६ प्रोसेसरवरील लिनक्समध्ये तो साइन्ड असतो, तर आर्मवरील लिनक्समध्ये अनसाइन्ड. २०० हे मूल्य असलेला बाइट साइन्ड ‘कॅर’मधून पूर्णांकात गेला की -५६ होतो, आणि तो ॲरेचा निर्देशांक म्हणून वापरला तर ॲरेच्या अलीकडची मेमरी वाचली जाते. लिनक्स कर्नेलने ६.२ या आवृत्तीपासून सर्व आर्किटेक्चरवर ‘कॅर’ अनसाइन्ड धरण्याचा निर्णय घेतला. आपल्या कोडमध्ये मजकूर नसलेल्या बाइटांसाठी ८ बिटांचा अनसाइन्ड टाइपच वापरावा.

दुसरा खळगा अधिक खोल आहे. सी मध्ये ‘इंट’पेक्षा लहान टाइपची संख्या गणितात उतरण्यापूर्वी साइन्ड ‘इंट’ होते. ६५,५३५ हे मूल्य असलेले दोन १६ बिटांचे अनसाइन्ड पूर्णांक एकमेकांनी गुणले तर उत्तर ४,२९,४८,३६,२२५ येते. ३२ बिटांच्या साइन्ड ‘इंट’ची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना अनसाइन्ड टाइप असूनही साइन्ड ओव्हरफ्लो होतो, आणि साइन्ड ओव्हरफ्लो हे अनडिफाइन्ड बिहेविअर (ज्याचा परिणाम मानकाने ठरवलेलाच नाही असे वर्तन) असल्यामुळे कंपायलर तो कधी घडतच नाही असे गृहीत धरून पुढचा कोड बदलू शकतो. उपाय साधा आहे: गुणाकारापूर्वी एका पदाचे ३२ बिटांच्या अनसाइन्ड टाइपमध्ये उघड रूपांतर करावे.

मोठ्यातून लहानात

३०० ही संख्या एका बाइटात बसवली की ४४ उरते, कारण २५६ वजा होतात. हे रूपांतर लिहिताना हेतू तीनपैकी एक असतो आणि तो कोडमध्ये दिसला पाहिजे. मूल्य मावलेच पाहिजे आणि न मावल्यास ती चूक आहे, असे म्हणायचे असेल तर रस्टमध्ये ‘ट्राय-फ्रॉम’ वापरावे, जे २०१९ मधील १.३४ आवृत्तीपासून उपलब्ध आहे, आणि सी++२० मध्ये ‘इन-रेंज’ने आधी तपासून मग स्टॅटिक-कास्ट करावी. मूल्य मर्यादेवर थांबवायचे असेल, जसे आवाजाच्या नमुन्यांत किंवा रंगांच्या घटकांत हवे असते, तर आधी किमान आणि कमाल यांच्यामध्ये आवळावे आणि मग रूपांतर करावे. खालचे बिटच हवे असतील, जसे चेकसम काढताना, तर २५५ या मास्कशी बिटवाइज अँड करून मग रूपांतर करावे. मास्कमुळे यंत्राचे काम वाढत नाही, कारण कंपायलर तो गाळून टाकतो. वाचणाऱ्याला मात्र कापणे जाणूनबुजून केले आहे हे समजते.

‘ट्राय-फ्रॉम’ वापरून लगेच ‘अनरॅप’ करणे, म्हणजे चूक आल्यास प्रोग्राम तेथेच पाडणे, हा अर्धाच उपाय आहे. मूल्य बाहेरून आलेले असेल तर न मावणे ही इनपुटची चूक आहे आणि ती एरर म्हणून परत गेली पाहिजे. मूल्य आपल्याच कोडने मोजलेले असेल आणि न मावणे तत्त्वतः अशक्य असेल, तर ‘एक्स्पेक्ट’ (संदेश देऊन पाडणारा ‘अनरॅप’) वापरून ते अशक्य का आहे, हे त्या संदेशात लिहावे.

हे कारण लिहून ठेवण्याचे मोल ४ जून १९९६ रोजी दिसले. एरियान ५ या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात, आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची फ्लोटिंग-पॉइंट संख्या १६ बिटांच्या साइन्ड पूर्णांकात नेली जात होती. संख्या मावली नाही, दिशादर्शन यंत्रणेचा संगणक बंद पडला, त्याच सॉफ्टवेअरवर चालणारा पर्यायी संगणकही बंद पडला, आणि उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत रॉकेट नष्ट झाले. चौकशी मंडळाच्या अहवालातील एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अशा धोक्याची सात व्हेरिएबल्स आधीच ओळखली गेली होती. त्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते आणि तीन मुद्दाम मोकळी सोडली होती, कारण एरियान ४ च्या उड्डाणमार्गात त्यांची मूल्ये मर्यादेबाहेर जाणे शक्य नव्हते. त्या निर्णयाचे समर्थन सोर्स कोडमध्ये कुठेच लिहिलेले नव्हते. ते रूपांतराच्या शेजारी असते, तर नव्या रॉकेटसाठी कोड पुन्हा वापरताना ते गृहीतक कोणाच्या तरी नजरेस पडण्याची शक्यता होती.

फ्लोटिंग-पॉइंटबाबत भाषांचे वर्तनही वेगवेगळे आहे. सी आणि सी++ मध्ये मर्यादेबाहेरची फ्लोट संख्या पूर्णांकात नेणे हे अनडिफाइन्ड बिहेविअर आहे. प्रत्यक्षात एक्स८६ चा प्रोसेसर एक ठरावीक ऋण संख्या देतो, तर आर्म कमाल मर्यादेवर थांबतो, त्यामुळे एकाच कोडची दोन यंत्रांवर दोन उत्तरे येतात. रस्टचा ‘ॲज’ २०२० मधील १.४५ आवृत्तीपासून मर्यादेवर थांबतो आणि ‘नॉट अ नंबर’साठी शून्य देतो. शून्य हे उत्तर आपल्याला चालणार आहे का, याचा विचार वेगळा करावा लागतो.

साइन्ड आणि अनसाइन्ड यांची गाठ

मेमरीवरील हल्ल्यांचा एक जुना मार्ग याच गाठीतून जातो. समजा, पॅकेटमधील लांबी साइन्ड ‘इंट’मध्ये घेतली, ती ५१२ पेक्षा जास्त असेल तर नाकारली, आणि मग तीच लांबी मेमरीची नक्कल करणाऱ्या मेमकॉपी या फंक्शनला दिली. पाठवणाऱ्याने -१ पाठवले तर ते ५१२ पेक्षा लहान असल्यामुळे तपासणी पार होते. मेमकॉपीचा तिसरा आर्ग्युमेंट साइझ-टी हा आकारांसाठीचा अनसाइन्ड टाइप असल्यामुळे तेथे त्याच -१ ची ६४ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या होते. तपासणी आणि वापर वेगवेगळ्या टाइपमध्ये झाले, एवढीच ती चूक. लांबी आणि संख्या यांना आरंभापासून अनसाइन्ड टाइप द्यावा, आणि तपासणी ज्या टाइपमध्ये केली त्याच टाइपमध्ये मूल्य पुढे न्यावे. दोन्ही प्रकारचे टाइप एका तुलनेत आणावेच लागले तर सी++२० मधील ‘सीएमपी-लेस’ आणि तिची भावंडे गणिती अर्थाने बरोबर तुलना करतात.

याच ओघात गणिताच्या क्रमाकडे लक्ष द्यावे. ४०,००० गुणिले ४०,००० पिक्सेलच्या चित्राला प्रत्येकी चार बाइट धरले तर ६४० कोटी बाइट लागतात. सारा गुणाकार ३२ बिटांच्या अनसाइन्ड टाइपमध्ये करून मग उत्तर साइझ-टीमध्ये नेले, तर हाती २१० कोटींच्या आसपासची संख्या येते, बफर लहान पडतो आणि लिहिणारा लूप त्याच्या पलीकडे जातो. रूपांतर गुणाकाराच्या आधी हवे, नंतर केलेले रूपांतर हरवलेले बिट परत आणत नाही. जेथे मर्यादा ओलांडण्याची शक्यता उरते तेथे रस्टचे ‘चेक्ड-मल’, सी२३ मधील ‘सीकेडी-मल’ किंवा जीसीसी आणि क्लँग या कंपायलरमधील ओव्हरफ्लो तपासणारी अंगभूत फंक्शन वापरावीत.

बाइटांची संख्या करताना

आता एक उदाहरण जवळून पाहू. बफरमध्ये ०, ०, १, ४४ असे चार बाइट आले आहेत आणि प्रोटोकॉलनुसार ती बिग-एंडियन पद्धतीने (मोठ्या स्थानाचा बाइट आधी) लिहिलेली ३२ बिटांची लांबी आहे, म्हणजे २५६ अधिक ४४, एकूण ३००. बफरच्या पॉइंटरला ३२ बिटांच्या पूर्णांकाच्या पॉइंटरमध्ये कास्ट करून तेथील मूल्य वाचणे हा सर्रास दिसणारा मार्ग आहे आणि त्यात एकाच वेळी तीन दोष आहेत.

पहिला दोष बाइटांच्या क्रमाचा: लिटल-एंडियन (लहान स्थानाचा बाइट आधी धरणाऱ्या) यंत्रावर उत्तर ३०० न येता ७३,८२,६३,०४० येते. दुसरा अलाइनमेंटचा: बफरमधील ती जागा चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असेलच असे नाही. एक्स८६ वर असे वाचन बहुधा चालून जाते, कॉर्टेक्स-एम० या लहान प्रोसेसरवर तेथेच हार्डफॉल्ट (प्रोसेसरने उठवलेली गंभीर चूक) होतो, आणि भाषेच्या नियमांनुसार ते सर्वत्र चूकच आहे. लूपचे व्हेक्टरीकरण (अनेक घटकांवर एकदम काम) करताना कंपायलर अलाइनमेंट गृहीत धरून अशी सूचना वापरू शकतो, जी एक्स८६ वरही प्रोग्राम पाडते. तिसरा दोष एलियसिंगचा: सी मध्ये एका टाइपच्या ऑब्जेक्टला असंबद्ध टाइपच्या पॉइंटरने हात लावणे निषिद्ध आहे आणि ऑप्टिमायझर त्या निषेधावर विसंबून वाचन व लेखन यांचा क्रम बदलतो. लिनक्स कर्नेल हा नियम बांधणीच्या पर्यायाने बंद ठेवते, पण तो पर्याय दिल्याशिवाय आपल्या प्रोग्रामला ती सवलत मिळत नाही. कॅर-पॉइंटरने कोणत्याही ऑब्जेक्टचे बाइट पाहता येतात. उलट दिशेला मात्र ही मुभा नाही.

रस्टमध्ये चार बाइटांचा ॲरे घेऊन ‘फ्रॉम-बीई-बाइट्स’ला द्यावा, स्लाइसमधून (सलग घटकांच्या तुकड्यातून) ॲरे करताना लांबी चार नसेल तर रूपांतरच अयशस्वी होते, त्यामुळे सीमेची तपासणी त्यातच येते. सी मध्ये चारही बाइट शिफ्ट करून ऑर करावेत, किंवा स्थानिक व्हेरिएबलमध्ये मेमकॉपी करून मग बाइटांचा क्रम बदलावा. शिफ्ट करताना बाइट आधी ३२ बिटांच्या अनसाइन्ड टाइपमध्ये नेण्यास विसरू नये, कारण नुसता बाइट साइन्ड ‘इंट’ होतो आणि १२८ किंवा त्याहून मोठा बाइट २४ स्थाने सरकवला तर पुन्हा साइन्ड मर्यादा ओलांडली जाते. मेमकॉपी हळू चालेल ही भीती बाळगू नये. लांबी स्थिर आणि लहान असेल तर आजचे कंपायलर ऑप्टिमायझेशन चालू असताना तिचे एका लोड सूचनेत रूपांतर करतात.

फ्लोट संख्येचे बिट पाहायचे असतील तर रस्टमध्ये ‘टू-बिट्स’ आणि ‘फ्रॉम-बिट्स’, सी++२० मध्ये ‘बिट-कास्ट’, आणि सी मध्ये मेमकॉपी वापरावी. युनियनच्या (ज्याचे सदस्य एकच जागा वाटून घेतात) एका सदस्यात लिहून दुसऱ्यातून वाचणे सी मध्ये मान्य आहे, सी++ मध्ये नाही. दोन्ही भाषांत समाविष्ट होणाऱ्या हेडर फाइलमध्ये म्हणून ते टाळावे.

रस्टचा ‘ट्रान्सम्यूट’, म्हणजे बिट तसेच ठेवून टाइप बदलणारे फंक्शन, हा शेवटचा पर्याय समजावा. तो दोन्ही टाइपांचा आकार सारखा आहे एवढेच बांधणीच्या वेळी तपासतो. बूलियनमध्ये फक्त ० किंवा १ चालतात आणि इनममध्ये (ठरावीक पर्यायांच्या टाइपमध्ये) फक्त घोषित केलेली मूल्ये चालतात, याची तपासणी तो करत नाही. बाहेरून आलेला ७ हा बाइट तीन पर्यायांच्या इनममध्ये ट्रान्सम्यूट केला, तर पुढे ‘मॅच’ कोणत्या फांदीवर जाईल याची हमी उरत नाही. त्याऐवजी ‘मॅच’ने प्रत्येक मान्य मूल्य लिहून उरलेल्यांसाठी एरर द्यावी. संपूर्ण स्ट्रक्चर बाइटांतून वाचायचे असेल तर झिरोकॉपी किंवा बाइटमक यांसारख्या लायब्ररी वापराव्यात, ज्या पॅडिंग (फील्डांमधली रिकामी भरण) आणि अमान्य मूल्ये यांच्या अटी टाइपच्या पातळीवर लादतात.

पॉइंटरचा टाइप बदलताना

रस्टमध्ये कच्च्या पॉइंटरचा निर्देशित टाइप बदलण्यासाठी ‘कास्ट’ ही मेथड वापरावी. ती निर्देशित टाइपच बदलते. ‘कॉन्स्ट’ पॉइंटर ‘म्यूट’ (ज्यातून लिहिता येते असा) करत नाही, पॉइंटरचा पूर्णांक करत नाही, आणि पूर्णांकावर ती चालतच नाही. कॉन्स्टपणा बदलायचा असेल तर ‘कास्ट-म्यूट’ आणि ‘कास्ट-कॉन्स्ट’ या वेगळ्या मेथड आहेत. जेथे दोन्ही बदल हवेत तेथे दोन्ही मेथड लिहाव्यात. ओळ लांब होते, पण तपासणाऱ्याला दोन निर्णय दोन जागी दिसतात. सामायिक रेफरन्सपासून ‘म्यूट’ पॉइंटर बनवून त्यातून लिहिणे मात्र कोणत्याही मेथडने वैध होत नाही. तेथे अनसेफ-सेल (सामायिक असूनही आतले मूल्य बदलू देणारा टाइप) किंवा त्यावर आधारलेला टाइपच हवा. पॅक्ड (पॅडिंग काढून टाकलेल्या) स्ट्रक्चरच्या अलाइन नसलेल्या फील्डचा पत्ता हवा असेल तर रेफरन्स न बनवता १.८२ आवृत्तीपासून मिळणारे ‘रॉ कॉन्स्ट’ वापरून थेट कच्चा पॉइंटर घ्यावा आणि ‘रीड-अनअलाइन्ड’ने वाचावे.

स्लाइसच्या पॉइंटरकडे विशेष लक्ष द्यावे. त्यात पत्त्यासोबत घटकांची संख्या असते आणि ‘ॲज’ ती संख्या बदलत नाही. १०० बाइटांच्या स्लाइसचा पॉइंटर यू१६ च्या स्लाइसच्या पॉइंटरमध्ये ‘ॲज’ने नेला तर तो १०० यू१६ चा, म्हणजे २०० बाइटांचा दावा करतो आणि निम्मे वाचन बफरबाहेर जाते. उलट दिशेने गेल्यास निम्मा डेटा गुपचूप गळतो. येथे लांबी स्वतः मोजून नवा स्लाइस बनवावा, किंवा लांबी आणि अलाइनमेंट तपासणारे तयार फंक्शन वापरावे.

सी मधील व्हॉइड-पॉइंटर (टाइप न सांगणारा पॉइंटर) आणि कॉलबॅक यांच्या जोडीत धोका असा असतो की नोंदणी एका फाइलमध्ये होते आणि रूपांतर दुसऱ्या फाइलमध्ये. दोन्हीकडचे टाइप जुळतात की नाही, हे कंपायलरला कळण्याचा मार्गच नसतो. लिनक्स कर्नेलमधील टायमरच्या कॉलबॅकला पूर्वी ‘अनसाइन्ड लाँग’ मिळत असे आणि प्रत्येक ड्रायव्हर त्याला पॉइंटर करून घेत असे, ४.१५ या आवृत्तीपर्यंत हे सारे बदलून कॉलबॅकला थेट टायमरच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर देण्यात आला आणि ड्रायव्हरचे स्ट्रक्चर त्यापासून ‘कंटेनर-ऑफ’ने काढले जाऊ लागले. हा मॅक्रो सदस्याच्या पत्त्यातून त्याचे स्ट्रक्चरमधील अंतर वजा करतो, पण त्याआधी दिलेला पॉइंटर त्या सदस्याच्याच टाइपचा आहे हे बांधणीच्या वेळी तपासतो. आपल्या प्रकल्पातही नुसत्या वजाबाकीचा मॅक्रो न लिहिता ही तपासणी त्यात घालावी.

फंक्शन पॉइंटर वेगळ्या सिग्नेचरमध्ये (आर्ग्युमेंट आणि परतावा यांच्या टाइपमध्ये) कास्ट करून त्यातून कॉल करणे टाळावे, मग ते आज कितीही सुरळीत चालत असो. वेबअसेंब्लीमध्ये सिग्नेचर न जुळल्यास अप्रत्यक्ष कॉल तेथेच ट्रॅप होतो, म्हणजे प्रोग्राम थांबतो, आणि कंट्रोल-फ्लोची तपासणी चालू असलेल्या कर्नेलमध्येही तसेच होते. योग्य सिग्नेचरचे दोन ओळींचे फंक्शन लिहून त्यातून मूळ फंक्शनला बोलावणे पुरते.

पत्ता आणि पूर्णांक

पॉइंटर ‘लाँग’मध्ये मावतो ही समजूत ६४ बिटांच्या लिनक्सवर खरी आहे; ६४ बिटांच्या विंडोजवर ‘लाँग’ ३२ बिटांचाच आहे, त्यामुळे तेथे पत्त्याचा वरचा अर्धा भाग जातो. पत्ता पूर्णांकात ठेवायचाच असेल तर सी मध्ये त्यासाठीच असलेला ‘यूइंट-पॉइंटर-टी’ वापरावा, साइझ-टी किंवा ‘अनसाइन्ड लाँग’ नव्हे. केंब्रिज विद्यापीठ आणि एसआरआय इंटरनॅशनल यांनी विकसित केलेल्या चेरी आर्किटेक्चरमध्ये हा भेद प्रत्यक्ष हार्डवेअरमध्ये उतरतो: तेथे ६४ बिटांच्या यंत्रावर पॉइंटर १२८ बिटांचा असतो, त्यात पत्त्याबरोबर मर्यादा आणि परवानग्या असतात, आणि ‘यूइंट-पॉइंटर-टी’ ते सारे सांभाळतो, तर साइझ-टीमध्ये केवळ पत्ता उरतो.

साध्या यंत्रावरही पॉइंटर म्हणजे निव्वळ पत्ता नव्हे, हे ऑप्टिमायझरच्या दृष्टीने खरे आहे. तो कोणत्या ऑब्जेक्टपासून आला, म्हणजे त्याचा प्रॉव्हनन्स काय, यावरही कंपायलर निर्णय घेतो. एका ॲरेच्या शेवटानंतरचा पत्ता शेजारच्या ॲरेच्या सुरुवातीच्या पत्त्याइतकाच असू शकतो. तरीही पहिल्या ॲरेच्या पॉइंटरने दुसऱ्यात लिहिता येत नाही. पत्ता पूर्णांकात नेऊन परत आणला की हा वारसा अस्पष्ट होतो.

रस्टने जानेवारी २०२५ मधील १.८४ आवृत्तीत यासाठी स्वतंत्र मेथड स्थिर केल्या. केवळ पत्ता पाहायचा असेल, उदाहरणार्थ अलाइनमेंट तपासण्यासाठी, तर ‘ॲडर’ वापरावी. आठने अलाइन असलेल्या पॉइंटरच्या खालच्या तीन बिटांत खूण ठेवायची असेल तर ‘मॅप-ॲडर’ वापरावी, जी पत्ता बदलते पण वारसा तोच ठेवते. पूर्णांकातून पुन्हा पॉइंटर करणे खरोखर अटळ असेल तर ‘एक्स्पोज-प्रॉव्हनन्स’ आणि ‘विथ-एक्स्पोज्ड-प्रॉव्हनन्स’ ही जोडी आहे. हार्डवेअरच्या ठरावीक पत्त्यावरील रजिस्टरांसाठी हे रूपांतर एकाच मॉड्यूलमध्ये ठेवावे आणि बाकी कोडला त्यातून टाइप ठरलेला ॲक्सेसरच मिळावा.

तपासणी कशी लावावी

सी मध्ये कन्व्हर्जन, साइन-कन्व्हर्जन, कास्ट-क्वाल आणि कास्ट-अलाइन हे इशारे नेहमीच्या ‘वॉल’ पर्यायात येत नाहीत. ते वेगळे चालू करावे लागतात. पूर्वघोषणा नसलेल्या फंक्शनचा परतावा ‘इंट’ मानण्याच्या जुन्या सवलतीमुळे ६४ बिटांच्या यंत्रांवर पॉइंटर कापले जात असत. सी९९ ने ती सवलत काढली आणि जीसीसी १४ ने तो इशारा सरळ एरर केला, तेव्हा जुन्या कंपायलरवर तो स्वतः एरर करून घ्यावा. चालत्या प्रोग्रामवर अनडिफाइन्ड बिहेविअर सॅनिटायझर (चालताना अशा चुका पकडणारे साधन) लावावा, आणि क्लँग असेल तर अप्रत्यक्ष रूपांतरात मूल्य बदलल्यास सांगणारा त्याचा वेगळा पर्यायही जोडावा, कारण असे कापणे मानकाच्या दृष्टीने वैध असल्यामुळे पहिल्या सॅनिटायझरच्या कक्षेत येत नाही. रस्टमध्ये अनसेफ कोडच्या चाचण्या मिरी या चुका शोधणाऱ्या इंटरप्रिटरखाली, शक्यतो कठोर प्रॉव्हनन्सच्या पर्यायासह, चालवाव्यात.

क्लिपीमधील संख्या कापणे, चिन्ह गमावणे, विनाहानी होऊ शकणारी ‘ॲज’ कास्ट आणि पॉइंटरची ‘ॲज’ कास्ट यांवरील इशारे मूळ संचात बंद असतात. जुन्या मोठ्या कोडवर ते सारे एकदम चालू केले तर शेकडो तक्रारींचा ढीग पडतो आणि लोक घाईने त्या दाबून टाकतात. म्हणून एका वेळी एकच इशारा घ्यावा. सुरुवात पॉइंटरच्या ‘ॲज’ कास्टपासून करावी, कारण तेथील दुरुस्ती बहुतेक वेळा यांत्रिक असते आणि कोडचे वर्तन बदलत नाही. त्यानंतर बाहेरचा डेटा आत येतो त्या फाइल, म्हणजे पार्सर, सिस्टीम कॉलचे आर्ग्युमेंट आणि फाइल फॉरमॅट वाचणारा भाग, येथे संख्या कापण्याचा इशारा लावावा, आणि प्रत्येक तक्रारीला तपासणे, आवळणे किंवा मास्क यांपैकी एक उत्तर द्यावे. एखादी कास्ट तशीच ठेवणे योग्य वाटले तर इशारा त्या एका ओळीपुरताच बंद करावा, आणि कोणत्या मर्यादेवर विसंबून तो बंद केला व ती मर्यादा कोडमध्ये कोठे लादली जाते, हे त्याच ओळीवर लिहावे.